श्री. शरद यांचा नुसता 'द' उरतो

"सेट आपोआप लहानाकडून मोठ्याकडे क्रम लावतो."

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेवरच्या आमच्या ऑफिसातल्या पुस्तिकेत हे वाक्य कित्येक वर्षं होतं. (सेट म्हणजे संच, त्यात प्रत्येक गोष्ट एकदाच.) खाली उदाहरणही होतं: सेटमध्ये ३, १, २ टाका, छापून बघा, १, २, ३ येतील. येतातच. दर वर्षी नवी ट्रेनी मुलं हे करून बघायची, तसंच दिसायचं, आणि ती पुढच्या पानावर जायची. मी १०, ३, ८ टाकले. ८, १०, ३ आले.

पुस्तिका कसली ते सांगते. आमची कंपनी छोटी आहे, माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनवरून चालत येण्यासारखी. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं, सभासदांची नोंदवही, थकबाकीची पत्रं, असलं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ट्रेनी म्हणून येणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली. इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही, पण पायथॉनच्या अधिकृत दस्तऐवजातलं 'बिल्ट-इन टाइप्स'चं पान उघडून दिलं, की थोड्याच वेळात त्यांच्या कानात इअरफोन जातात आणि समोर कुठलातरी व्हिडिओ सुरू होतो. दोष त्यांचा नाही. इंट-फ्लोटपासून स्ट्रिंग, बाइट्स, सेट, डिक्शनरीपर्यंत सगळा संसार त्या एकाच पानावर मांडलेला आहे. म्हणून फार पूर्वी एका सहकाऱ्याने त्यावरून मराठीत संदर्भ-पुस्तिका लिहिली. तो आता कंपनीत नाही. माणूस हुशार, मराठी झकास. जिथे चुकला तिथेही ठणकावून चुकला. ती पुस्तिका तपासायचं काम यंदा माझ्याकडे आलं. साहेब म्हणाले, "तुम्हाला असल्या बारीकसारीक गोष्टींची आवड आहे." हे कौतुक होतं असं मी धरून चालले आहे.

(फंक्शनांची नावं इथे मी बोलते तशीच लिहिते आहे. रोज वापरणाऱ्यांना ओळखू येतील, न वापरणाऱ्यांचं काही अडणार नाही.)

सेटकडे परत येऊ. सेटमध्ये वस्तू कुठे ठेवायची हे तिच्यावरून काढलेल्या एका आकड्यावर ठरतं, त्याला हॅश म्हणतात. छोट्या पूर्णांकाचा हॅश म्हणजे तो आकडा स्वतःच. छोट्या सेटला आत आठ खण असतात, आणि आकड्याला आठने भागून उरलेली बाकी हा त्याचा खण. ८ जातो शून्याव्या खणात, १० दुसऱ्या, ३ तिसऱ्या. छापताना खण ओळीने वाचले जातात, म्हणून ८, १०, ३. एक-दोन-तीन आपापल्या खणात ओळीने बसतात म्हणून शिस्तीत दिसतात, एवढाच त्या शिस्तीचा अर्थ. आकड्यांऐवजी 'परळ', 'दादर', 'वसई' टाका. प्रोग्राम दर वेळी नव्याने चालवला की क्रम बदललेला दिसू शकतो, कारण ३.३ आवृत्तीपासून स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, हॅशमध्ये मुद्दाम यदृच्छा मिसळलेली असते. बाहेरच्या कुणी ठरवून एकाच खणात बसणारे शब्द पाठवून सर्व्हर गुदमरवू नये म्हणून.

सहकाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याने चालवून बघितलं आणि दिसलं ते लिहिलं. पुस्तिकेतल्या निम्म्याहून जास्त चुका याच जातीच्या निघाल्या: दिसलेली गोष्ट ठरलेली म्हणून लिहिणं. आमच्या धंद्यात हा फरक समजवायला सोपा पडतो. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'पाणी सकाळी ६ ते ८' असं लिहिलेलं असतं आणि उपविधींत 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना १४ दिवस आधी' असं लिहिलेलं असतं. दोन्ही कागदच. पण पाणी साडेसहाला आलं तर तुम्ही सेक्रेटरीला फार तर चार शब्द सुनावता. सूचना पाच दिवस आधी आली तर सभाच वादात सापडते. संदर्भ-दस्तऐवजातलं वाक्य वाचणारा ते उपविधी म्हणूनच वाचतो. त्यावर तो कोड बांधतो.

अधिकृत पानावर हा भेद सांभाळलेला आहे, आणि मला त्या पानाबद्दल आदर वाटायला लागला तो तिथूनच. लिस्ट क्रमाने लावणारी सॉर्ट ही मेथड घ्या. ती स्थिर आहे, म्हणजे समान ठरणाऱ्या घटकांचा आपसातला मूळ क्रम ती मोडत नाही, हे तिथे हमी म्हणून लिहिलंय. आधी फ्लॅट नंबरने लावा, मग विंगने. एका विंगेतले फ्लॅट नंबरवारीच राहणार. आमची बिलं छापण्याचा अख्खा क्रम या एका हमीवर उभा आहे. त्याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट वेगळ्या चौकटीत टाकलेली आहे: सॉर्ट चालू असताना मध्येच कुणी ती लिस्ट बघितली तर सी-पायथॉनमध्ये (पायथॉनची नेहमीची अंमलबजावणी) ती रिकामी दिसते, आणि मध्ये बदल झाल्याचं लक्षात आलं तर व्हॅल्यू-एरर येतो. वर स्पष्ट लिहिलंय की हा या अंमलबजावणीचा तपशील आहे. भाषेच्या बाजूने असं काही बघण्याचा परिणाम अनिश्चित. पुस्तिकेत या दोन्ही गोष्टी एकाखाली एक, सारख्याच टाइपात, सारख्याच ठसक्यात होत्या. मी दुसरी चौकटीत टाकली. शब्द एकही बदलला नाही, फक्त चौकट घातली, आणि ती दुरुस्ती मोठी आहे असं माझं ठाम मत आहे.

साहेबांनी सुचवलं होतं की हाताने तपासत बसण्यापेक्षा सगळी उदाहरणं डॉकटेस्टने, म्हणजे लिहिलेलं उत्तर येतं का हे बघणाऱ्या साधनाने, चालवून घ्या. घेतली. टायपिंगच्या चुका, पायथॉन २ च्या काळातले कंसाविना प्रिंट, एका ठिकाणी गळलेलं अवतरणचिन्ह, हे सगळं सापडलं. सेटचं वाक्य मात्र डॉकटेस्टमधून सुखरूप पार झालं. का होणार नाही? १, २, ३ येतील म्हटलं होतं, १, २, ३ आले. उदाहरण चालतंय यावरून वर लिहिलेला नियम खरा ठरत नाही. गंमत म्हणजे डॉकटेस्टच्या स्वतःच्या दस्तऐवजात सेट छापणारी उदाहरणं टाळा, क्रमाची हमी नाही, असा इशारा आहे.

डिक्शनरीचा, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्याचा, मामला उलट निघाला. पुस्तिकेत होतं: "डिक्शनरीला क्रम नसतो, क्रमावर कधीही विसंबू नये." लिहिलं तेव्हा हे बरोबर होतं. डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ आलं, त्यात डिक्शनरीची आतली रचना बदलली, कमी मेमरी घेणारी झाली, आणि घातलेल्या क्रमाने किल्ल्या दिसायला लागल्या. पण तेव्हा तो अंमलबजावणीचा तपशीलच होता. लोक अर्थातच विसंबायला लागले. मग डिसेंबर २०१७ मध्ये पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी निर्णय दिला की हीच यापुढे भाषेची हमी, आणि जून २०१८ च्या ३.७ पासून ती लागू झाली. कोड तोच, वर्तन तेच. बदललं ते कागदावरचं वचन. या प्रकरणात मी वाक्य उलटं फिरवलं आणि तीन गोष्टी जोडल्या, कारण त्या लोक विचारतातच: असलेल्या किल्लीची किंमत बदलली तर तिची जागा हलत नाही, किल्ली काढून पुन्हा घातली तर ती शेवटी जाते, आणि दोन डिक्शनऱ्या सारख्या आहेत का हे बघताना क्रम धरला जात नाही.

इंटबद्दलच्या, म्हणजे पूर्णांकांबद्दलच्या, ओळी पटकन सांगते. "२५६ पर्यंतचे आकडे 'इज'ने तपासले तरी चालतात" ही ओळ उडवली. 'इज' किंमत सारखी आहे का हे बघत नाही, मेमरीतली वस्तू एकच आहे का हे बघतं. सी-पायथॉन कित्येक वर्षं उणे ५ ते २५६ हे आकडे आधीच बनवून ठेवत आलंय, त्यामुळे चालतात. पण हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, ते उद्या हा पल्ला वाढवतील नाहीतर काढून टाकतील. "इंटला कमाल मर्यादा नाही" ही ओळ ठेवली, पण खाली लिहिलं की ४३०० पेक्षा जास्त आकड्यांची दशमान स्ट्रिंग इंटमध्ये बदलायला गेलात तर व्हॅल्यू-एरर येईल. ही मर्यादा ३.११ मध्ये आली आणि सुरक्षेचा प्रश्न असल्यामुळे तेव्हाच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही मागाहून घातली गेली. सोसायटीच्या बिलात एवढी रक्कम येणार नाही, पण पुस्तिका बिलांपुरती नाही.

जवळचा पूर्णांक काढणाऱ्या राउंडची ओळ मात्र पैशांची होती. "अर्धा किंवा जास्त असेल तर वरचा पूर्णांक." शाळेत शिकलो तसं, आणि पायथॉन २ मध्ये तसंच व्हायचंही. पायथॉन ३ मध्ये बरोबर अर्धा असेल तर जवळचा सम आकडा घेतला जातो. १२०२.५० चे १२०२, आणि १२०३.५० चे १२०४. एका सोसायटीच्या खजिनदार काकांनी दोन फ्लॅटची बिलं शेजारी ठेवून विचारलं होतं, की पन्नास पैसे एकाला माफ आणि दुसऱ्याला लावलेत, हा काय न्याय? मुद्दा बिनतोड होता. सम आकड्याकडे जाण्यामागे कारण आहे: खूप बेरजा करताना सगळे अर्धे वरच नेले तर एकूण रक्कम एका बाजूला फुगत जाते. पण ते खजिनदारांना सांगून बघा. बिलांसाठी आम्ही डेसिमल मॉड्यूल वापरतो आणि त्यात अर्धा वर न्यायचा हे उघड लिहून देतो. पुस्तिकेत आता दोन्ही आवृत्त्यांचा नियम वर्षासकट आहे, कारण १ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा आधार संपला तरी त्या काळात शिकलेली माणसं काही निवृत्त झालेली नाहीत.

आता शरद.

पुस्तिकेतलं वाक्य: "एल-स्ट्रिप ही मेथड स्ट्रिंगच्या सुरुवातीचा दिलेला भाग काढून टाकते." उदाहरण होतं 'श्री. महेश' यातून 'श्री. ' काढण्याचं. उत्तर 'महेश'. बरोबर आलं, डॉकटेस्टही खूश. आमच्या नोंदवहीत नावं 'श्री.', 'सौ.', 'कै.' अशी सन्मानासकट येतात आणि बिलाच्या यादीत ती अकारविल्हे लावायला हा मान काढावा लागतो, म्हणून हे उदाहरण. पण एल-स्ट्रिपला दिलेली स्ट्रिंग ही सलग तुकडा म्हणून वापरलीच जात नाही. ती असते काढायच्या चिन्हांची यादी. 'श्री. ' म्हणजे श, हलंत, र, दीर्घ वेलांटी, पूर्णविराम आणि मोकळी जागा. सुरुवातीपासून यांपैकी जे जे भेटेल ते ते खात ती पुढे जाते आणि यादीबाहेरचं चिन्ह दिसलं की थांबते.

'श्री. महेश' सुटला, कारण म यादीत नाही. 'श्री. रविकांत' यांचा 'विकांत' होतो. 'श्री. रमेश' यांचा 'मेश'. 'श्री. शरद' यांचा श जातो, र जातो, नुसता 'द' उरतो. 'श्री. श्रीरंग' यांची तर दैना: अख्खं श्री जातं, पुढचा र जातो, आणि लटकत्या अनुस्वाराला धरून बिचारा ग उभा. मी ही चारही नावं पुस्तिकेत उदाहरण म्हणून घातली. ट्रेनी मुलं हसली, म्हणजे लक्षात राहिलं.

हे अधिकृत पानावर स्पष्ट सांगितलेलं आहे, की दिलेली चिन्हं हा उपसर्ग नव्हे, त्यांच्या सगळ्या जुळण्या काढल्या जातात. तरी जगभर लोक फसत राहिले, इतके की ऑक्टोबर २०२० च्या ३.९ मध्ये रिमूव्ह-प्रीफिक्स आणि रिमूव्ह-सफिक्स या सुरुवातीचा आणि शेवटचा सलग तुकडा काढणाऱ्या दोन नव्या मेथड आल्या. म्हणजे दस्तऐवज अचूक असणं पुरलं नाही. वाचणाऱ्याला जे हवं होतं ते करणारं काही नव्हतंच, म्हणून तो जवळचं दिसेल ते उचलत होता. मी पुस्तिकेत एल-स्ट्रिपच्या नोंदीतच 'उपसर्ग काढायचा असेल तर तिकडे जा' असं लिहिलं, आणि 'आवृत्ती ३.९ पासून' हेही, कारण आमच्या दोन-तीन ग्राहकांच्या सर्व्हरवर अजून ३.८ आहे आणि त्याला हात लावायचा विषय काढला की बैठक संपते.

एक कोपरा तरीही उरतो. सोसायटीत वकील असतातच, आणि त्यांच्या नावामागे 'ॲड.' असतं. हा ॲ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक सलग चिन्ह, किंवा अ आणि त्यावर वेगळी चंद्र-मात्रा. स्क्रीनवर जुळे भाऊ, आतून परके. रिमूव्ह-प्रीफिक्सला एक दिलात तर दुसरा तसाच राहतो. युनिकोड हे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक; त्याचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करणं, वापरूनही हे दोन एक होत नाहीत. हे पुस्तिकेत घातलं नाही, कारण हा स्ट्रिंगचा दोष नाही आणि तिथे लिहिलं तर तसा वाटेल. बिलिंगच्या टिपणात घातलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इझअल्फाच्या एका ओळीवर. "स्ट्रिंगमध्ये फक्त अक्षरं आहेत का हे सांगते, नावं तपासायला उपयोगी." त्यावरून एका जुन्या फॉर्ममध्ये कुणीतरी सभासदाच्या आडनावाला तीच तपासणी लावून ठेवली होती. फॉर्म इंग्रजीत भरला जायचा तोवर चाललं. म्हणजे तसंही चाललं नव्हतंच. माझगावात राहून डिसूझांचं आडनाव इंग्रजीत वरच्या स्वल्पविरामासकट लिहितात हे माहीत नसणं जरा अवघड आहे. पण ते सभासद स्वल्पविराम गाळून मोकळे झाले आणि तक्रार वर आली नाही.

मग फॉर्म मराठीत केला. आमच्याकडे एक ट्रेनी मुलगी उरणहून येते, मोऱ्याहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरते आणि तिथून इकडे. फॉर्मची तपासणी तिच्याकडे होती. दुपारी डबा खाताना म्हणाली,

"ताई, तो फॉर्म घरत घेतो, म्हात्रे नाही घेत."

"म्हणजे?"

"आमच्या आळीतली आडनावं टाकली सगळी. घरत, भगत, कदम, परब गेले. म्हात्रे, ठाकूर, पाटील, भोईर लाल. माझंच आडनाव घेत नाही तो."

मला वाटलं डेटाबेसचं काहीतरी असेल. तिने स्वतःच शोधून काढलं, आणि शोधण्याची पद्धत मला आवडली: आडनावं सोडून स्टेशनं आणि गावं घेतली. परळ, वसई, पवई, उरण पास. दादर, ठाणे, कुर्ला, मुंबई नापास. यादी समोर ठेवून ती म्हणाली, "काना-मात्रा असलेलं काहीच चालत नाहीये."

अगदी तसंच आहे. इझअल्फाला अक्षर म्हणजे युनिकोडमध्ये ज्याचा वर्ग 'लेटर' आहे ते चिन्ह. प, र, ळ, ई ही लेटर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत यांचा वर्ग 'मार्क'. एकही मार्क आला की उत्तर फॉल्स. अधिकृत पानावर हे सगळं वर्गांच्या संक्षेपांसह दिलंय, वर असंही लिहिलंय की युनिकोडमध्ये 'अल्फाबेटिक' नावाचा जो गुणधर्म आहे तो वेगळा, त्याच्याशी गल्लत करू नका. त्या गुणधर्माने गेलं तर 'सावंत' पास झाला असता, कारण तिथे मात्रा आणि अनुस्वार धरले जातात. 'म्हात्रे' तरीही नापासच. हलंत तिथेही धरत नाहीत. आणि याच भाषेत 'मुंबई' हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनदिक्कत चालतं, कारण नावांचा नियम तिसराच आहे.

तेव्हा इथे काय दुरुस्त करायचं? कोड ठरल्याप्रमाणे वागतोय. अधिकृत दस्तऐवज खरं सांगतोय. पुस्तिकेतलं "फक्त अक्षरं" हे मराठी वाचणाऱ्याला चुकीचं, कारण त्याच्या मते 'ठाणे'मध्ये अक्षरांशिवाय काहीच नाही. मी व्याख्या नेमकी लिहिली, 'नावं तपासायला उपयोगी' खोडलं, त्या जागी 'नावं तपासायला वापरू नका' लिहिलं आणि खाली मुलीची यादी जशीच्या तशी घातली. साहेबांनी आक्षेप घेतला: संदर्भ-पुस्तिकेत सल्ला नको, फक्त काय होतं ते सांगा. तत्त्वतः मान्य. पण चुकीचा सल्ला आपणच छापून वाटला असेल तर तो नुसता गुपचूप काढून भागत नाही, उलटा लिहावा लागतो. ती ओळ राहिली. लांबी मोजणाऱ्या लेनच्या नोंदीतही 'लांबी म्हणजे अक्षरांची संख्या' असं होतं, तिथे 'कोड पॉइंटची', म्हणजे युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांची, 'संख्या' केलं आणि 'मुंबई'ची लांबी ५ येते हे लिहिलं.

आकड्यांची पानं याच्या शेजारीच. तिथे पुस्तिकेने हात आखडता घेतला होता: "इंटला दिलेले आकडे इंग्रजीतच हवेत, नाहीतर एरर येतो." मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावून कुणी फ्लॅट नंबर '१०२' असा भरला तर? काही होत नाही, इंट तो निमूटपणे घेतो. युनिकोडमध्ये दशमान अंक म्हणून नोंदलेला कुठल्याही लिपीतला अंक चालतो, आणि हे पानावर लिहिलेलं वचन आहे. बिलावर छापताना मात्र तो इंग्रजी आकड्यांत येतो, ते आपलं आपण बदलायचं. दुसरी ओळ जास्त घातक होती: "इंट करण्याआधी इझडिजिटने तपासा." क्षेत्रफळाच्या रकान्यात कुणी ४५० लिहून त्यावर वर्गाचा छोटा २ चिकटवला, की इझडिजिट म्हणतं ट्रू आणि इंट म्हणतं व्हॅल्यू-एरर. तपासायचं असेल तर इझडेसिमलने. आणि ½ या चिन्हाला फक्त इझन्युमेरिक हो म्हणतं.

दशमानात न बसणाऱ्या अंकांचं उदाहरण म्हणून अधिकृत पान खरोष्ठीचं नाव घेतं. अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा इथले लेख ज्या लिपीत आहेत ती. तिच्यात एक ते चारला खुणा आहेत, मग दहा, वीस, शंभर, हजारला. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही, म्हणून नुसते अंक शेजारी मांडून संख्या होत नाही. एका प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पानावर हे वाचून मी कान्हेरीला बघितलेले ब्राह्मी लेख आठवत बसले आणि पुढचा अर्धा तास काम झालं नाही.

फॉर्मचं काय केलं, तर आडनाव नाकारणं बंद केलं. उरणच्या मुलीने आधी वेगळा उपाय केला होता: प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग बघायचा, लेटर किंवा मार्क असेल तर चालवायचं. म्हात्रे आले, ठाकूर आले, ती खूश. मग जुन्या नोंदवहीतल्या एका 'कुऱ्हाडे' यांच्यावर तो अडला. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. नव्या कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलंत लावून. जुन्या फाइलींमध्ये साध्या र ला हलंत लावून त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. त्या जोडचिन्हाचा वर्ग लेटर नाही, मार्कही नाही, 'फॉरमॅट' आहे. तिने तोही वर्ग चालू करायचा म्हटलं. मी म्हटलं, त्या वर्गात मजकुराची दिशा उलटी करणारी अदृश्य चिन्हंसुद्धा आहेत, ती बिलात शिरली तर आडनावाबरोबर रक्कमही उलटी दिसेल. शेवटी फॉर्म सगळं घेतो, आणि नावात आकडा किंवा न दिसणारं चिन्ह आलं तर सेक्रेटरीला पिवळी खूण दाखवतो. त्याने बघून ठरवायचं.

ते कुऱ्हाडे कुटुंब नोंदवहीत दोनदा आहे, एकदा नव्या पद्धतीने आणि एकदा जुन्या, आणि बरोबरीचं चिन्ह लावलं तर उत्तर फॉल्स येतं. दोन्ही नावांवर बिल जातंय. ते जुळवायचं काम सोमवारी बिलिंगच्या यादीत टाकलंय; पुस्तिकेत मी आता बाइट्सवर आहे, जिथे पहिलंच वाक्य "बाइट्स म्हणजे इंग्रजी अक्षरांची स्ट्रिंग" असं आहे.